मदत हवी आहे: जपानला येन इथूनच न्यावेत की तिथल्या एटीएममधून काढावेत?

मंडळी, नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन टोकियो-क्योटोला जातोय. विमान, हॉटेल सगळं भरून झालंय. प्रश्न फक्त तिथल्या वरखर्चाचा. अंदाजे दीड लाख रुपये.

माझ्या क्रेडिट कार्डावर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये नुसते वाया. बँकेच्या फॉरेक्स कार्डाची (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) चौकशी केली. 'शून्य मार्कअप' म्हणतात खरं, पण येन भरतानाचा दरच चढा, आणि उरलेले परत करताना पुन्हा त्यांचाच दर! दादर आणि फोर्टात मनी चेंजरकडेही फिरलो. फोनवर एक दर, काउंटरवर दुसरा. शिवाय येनच्या नोटा हव्या तर आदल्या दिवशी सांगा म्हणे. घासाघीस केली की थोडं उतरतात, तो भाग वेगळा.

आता मनात आहे ते असं: शून्य मार्कअपवालं डेबिट कार्ड घ्यायचं आणि तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून येन काढायचे. मशीनने 'रुपयांत आकारू का' विचारलं तर नाही म्हणायचं, हे माहीत आहे. क्रेडिट कार्डावर रोकड काढायची नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. आई-बाबा कार्ड वापरणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या हातात थोडी रोकड लागेलच.

अलीकडे असं कोणी केलं असेल तर नेमकं सांगा: तिथल्या एटीएमचं आणि इथल्या बँकेचं शुल्क धरून दहा हजार येन खात्यातून किती रुपयांना पडले, आणि त्याच सुमारास मुंबईत मनी चेंजरचा दर काय होता?