देसाई परिवार (सांगली) ग्रुप: माल्ट पावडर सोडून अख्ख्या माल्टची बिअर

ओंकार (रेडिंग, इंग्लंड): विनूदादा, माल्ट एक्स्ट्रॅक्टची (माल्टच्या तयार अर्काची पावडर) बिअर नीट जमते. आता अख्ख्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवापासून) करायची आहे. घरात १२ लिटरचं एकच स्टीलचं पातेलं आणि साधी गॅस शेगडी. आधी काय विकत घेऊ?

विनूदादा: थर्मामीटर नसेल तर तेवढं घे. बाकी काही नको, बॅच लहान कर. छापील रेसिपी २०-२३ लिटरच्या असतात, त्या तुझ्या पातेल्यात मावत नाहीत. तयार माल ७ लिटर धर. पेल माल्ट १.७ किलो, पाणी एकूण ११ लिटर. ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची रसाची घनता, पाणी म्हणजे १.०००) १.०४८ च्या आसपास येईल.

ओंकार: ७ साठी ११?

विनूदादा: धान्य किलोमागे पाऊण लिटरच्या वर पाणी धरून ठेवतं, म्हणजे १.४ लिटर गेलं. तासभर उघडं उकळलं की साधारण २ लिटर वाफ. तळाच्या गाळात अर्धा लिटर. वाफेचा आकडा मात्र घरागणिक बदलतो. आधी नुसतं पाणी तासभर उकळून मोजून बघ.

सगळं पाणी एकदम घालू नकोस. धान्य जाळीच्या पिशवीत घालून ८ लिटरमध्ये भिजव, पातेलं सव्वानऊ लिटरपर्यंत भरेल. उरलेलं ३ लिटर दुसऱ्या भांड्यात ७५ अंशांवर ठेव. पिशवी उचलली की ते हळूहळू वरून ओतायचं.

माईआत्या: पिशवी कसली रे? चक्का टांगायचं फडकं चालेल की.

विनूदादा: चालतंय आत्या, पण विणीत पीठ अडकून पाणी लवकर निथळत नाही. नायलॉनची बारीक जाळी बरी. फडकंच घेतलं तर नवं नको, कांजी असते. दोनदा उकळून घ्यायचं. ओलं धान्य तीन किलोच्या वर भरतं आणि चटके देतं, म्हणून हातात धरून उभं राहू नये. पातेल्यावर मोठी चाळणी ठेवून त्यात पिशवी बसवायची.

ओंकार: माल्ट मिक्सरला फिरवू?

विनूदादा: अजिबात नको. पीठ होतं, टरफलाचा चुरा होतो आणि पिशवी तुंबते. दुकानातून भरडूनच घे. दाणा फुटलेला, टरफल जवळजवळ अख्खं. लापशीच्या रव्यापेक्षा जाड.

आता तापमान, सगळा खेळ इथेच आहे. पाणी ७० अंशांवर आण, धान्य थोडं थोडं सोडत ढवळ. घरातलं माल्ट २० अंशांचं असेल तर मिश्रण ६६ ला येऊन थांबतं. गुठळ्या फोड, आत कोरडं राहिलेलं पीठ साखर देत नाही. ६४-६५ वर मॅश केलं (म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजत ठेवलं) तर बिअर कोरडी, हलकी. ६८-६९ वर अंगानं भरलेली. ७५ च्या पुढं गेलं की बीटा अमायलेज (स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) संपलं, मग थंड करूनही ते परत येत नाही. म्हणून चुकायचंच तर खालच्या बाजूला चूक.

पूजावहिनी: आणि तासभर ६६ धरून ठेवायचं कसं? शेगडी चालू ठेवली तर तळाशी करपेल.

विनूदादा: करपतंच, आणि पिशवीही वितळते. गॅस बंद करून पातेलं ओट्यावर घ्यायचं, झाकण लावायचं आणि गोधडीत गुंडाळायचं. तासात एक-दोन अंश उतरतं, तेवढं चालतं. जास्त उतरलं तर पिशवी वर उचलून धरायची आणि मंद आचेवर ढवळत तापवायचं.

तासाभरानं चमचाभर वर्ट (धान्यातून उतरलेला गोड रस) पांढऱ्या बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाक. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं. टरफलाचा कण आला तर तो काळा होणारच, फसू नकोस. बशीतलं परत पातेल्यात ओतायचं नाही.

भाऊकाका: साखर कारखान्याच्या लॅबमधला माणूस म्हणून दोन गोष्टी. रेडिंगचं पाणी चुनखडीचं, जड. किटलीत पांढरा थर बसत असेल बघ. एक्स्ट्रॅक्टला ते खपतं, मॅशला नाही, पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा. आदल्या रात्री पाणी उकळून ठेव, सकाळी वरचं निवळ घे. तेवढ्यानं बराच कार्बोनेट खाली बसतो. थोडंसं लॅक्टिक ॲसिड लागेल, पण पट्टीनं मोजूनच घाल. नळाच्या पाण्यात क्लोरामिन (जंतुनाशक) असलं तर ते उकळून सहजी जात नाही, ते घालवायला पाव कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) टाक. नाहीतर औषधाचा वास येतो.

दुसरं, उकळण्याआधी ब्रिक्स (रसातली साखर, टक्क्यांत) बघ. ९.६ लिटरला ९ ते साडेनऊ हवा. वर्ट २० अंशांपर्यंत थंड करूनच हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) बुडव, गरम रस खोटं कमी दाखवतो.

ओंकार: आणि ब्रिक्स सात-आठच आला तर?

विनूदादा: बहुतेक वेळा कारण भरड. मग गुठळ्या. जुनी माल्ट पावडर फेकून देऊ नकोस, तीच घाल; एवढ्या वर्टात १०० ग्रॅमला ग्रॅव्हिटीचे साधारण ५ पॉइंट (०.००५) वाढतात.

हॉप्सचं (कडवटपणा देणारी फुलं) जुनं माप तसंच वापरू नको हां. एक्स्ट्रॅक्टला तू घट्ट रस उकळून नंतर पाणी घालत होतास, त्यात कडवटपणा कमी उतरतो. आता सगळा वर्ट उकळतोय. ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स ५ टक्के अल्फाचे (कडू आम्लाचे) असतील तर ६० मिनिटांना १५ ग्रॅम, शेवटच्या १० मिनिटांना ८ ग्रॅम. झाकण उघडंच. झाकलंस तर डीएमएसचा (माल्टमधून येणारं गंधकाचं संयुग) उकडलेल्या कोबीचा वास राहतो.

थंड करायला सिंकमध्ये बर्फाचं पाणी, दोनदा बदल. यीस्ट ११ ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं.

माईआत्या: आणि चोथा?

विनूदादा: त्याच दिवशी वाळव, उद्यापर्यंत आंबतो. वाळवून दळलं तर थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा, जास्त नको, टरफल टोचतं.

पूजावहिनी: म्हणजे सांगलीतही करून बघता येईल!

भाऊकाका: बिअर नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी गाळणं-आंबवणं गुन्हा. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही.

विनूदादा: ओंकार, यीस्ट घातल्यावर काकांचा ब्रिक्स मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर बाजूला ठेव. अल्कोहोलमुळे आकडा जास्त दिसतो. हायड्रोमीटर तीन दिवस एकच आकडा दाखवेल तेव्हा बाटल्या भर, साखर लिटरला ५ ग्रॅम.