लिफ्ट केलेल्या एमएम ५४० ला शॉक कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपला चारही बाजूंना नवे पाटे (लीफ स्प्रिंग) घालून ती ३ इंच उंच केली, म्हणजे लिफ्ट केली; शॉक (हादरे शोषणारे शॉक अॅब्सॉर्बर) मात्र जुनेच राहिले. गॅरेजवाले म्हणाले, 'चालतील.' नाही चालले. वेल्ह्याकडच्या कच्च्या रस्त्यावर चाक खड्ड्यात लोंबलं की शॉक पूर्ण ताणला जाऊन ठक्क आवाज येतो. परवा खाली वाकून पाहिलं, तर मागच्या डाव्या शॉकच्या वरच्या बुशचं रबर फाटून बाहेर आलंय आणि शॉकच्या अंगावर तेलाचा ओघळ.

मागच्या बाजूचं माप घेतलंय. चाक लोंबतं सोडल्यावर शॉकच्या दोन्ही पिनांमधलं अंतर २२ इंच, बंपस्टॉपला (चाक वर जाताना अडवणाऱ्या रबराला) टेकल्यावर १४. लांब शॉक मिटल्यावरही लांबच राहतो; तो बंपस्टॉपच्या आधीच टेकला तर माउंटिंग तुटेल, याचीच धास्ती आहे. मोकळा २३ आणि मिटलेला १३½ असा शॉक कोणी बसवलाय का? कोणत्या गाडीचा?

दुसरं, ट्विन-ट्यूब (आत दोन नळ्या असलेला) गॅसचा शॉक घ्यावा की मोनोट्यूब (एकाच नळीचा)? पाट्यांचं आपसातलं घर्षण मुळातच उसळी थोडी दाबतं, त्यामुळे फार कडक शॉक नकोय. मागे आईवडील बसतात. पावसाळ्याआधी काम उरकायचंय, कृपया अनुभव सांगा.