‘रडपट’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : ‘रडपट’ हा शब्द नेमका कोणत्या सिनेमाला लावायचा? घरी ‘श्यामची आई’चा विषय निघाला, तर मुलगी म्हणाली, ‘तो जुना रडपट ना?’ मला ते फार खटकलं.

उत्तर : खटकणारच. शब्दाची घडण साधी आहे. मूकपट गेले, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट सुरू झाला, ‘रडपट’ त्याच वळणावर बेतलेला. पुल्लिंगी नाम. ‘रडपट सिनेमा’ असंही ऐकू येतं, पण ‘पट’ आल्यावर ‘सिनेमा’ कशाला?

खरी गोम ‘रड’मध्ये आहे. त्याची भावंडं पाहा : रडगाणं, रडकथा, रडतराऊ, रडीचा डाव, ‘त्याची नेहमीचीच रड’. एकाही शब्दात रडणाऱ्याबद्दल माया नाही, सगळीकडे कंटाळा किंवा हेटाळणी. खऱ्या दुःखासाठी मराठीत आपण वेगळं बोलतो. डोळे भरून येतात, कंठ दाटतो, उमाळा येतो, गहिवरून येतं. म्हणजे ‘रडपट’ हे वर्णन नाही, तो निकाल आहे : बघणाऱ्याला रडवायचं म्हणूनच प्रसंग रचलेत, असा.

आता हा निकाल ‘श्यामची आई’ला लागू होतो का? अजिबात नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी १९५३ साली केलेला हा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक यालाच मिळालं. वनमालाबाईंनी साकारलेली आई दारिद्र्याने गांजलेली आहे, पण रडवी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ही आई मारत मारत विहिरीवर पाठवते. मुलगा भित्रा निघू नये, एवढंच तिला दिसतं. तिथे बघणाऱ्याला आधी तिचा रागच येतो. पाणी डोळ्यांत येतं ते पुढे, त्या मारामागची माया कळल्यावर. अशा चित्रपटाला एका शब्दात बसवायचा हट्ट मी तरी धरणार नाही. ‘हृदयस्पर्शी’ जाहिरातींनी पार झिजवलाय आणि ‘कौटुंबिक’ म्हटलं की सासू-सुनाच आठवतात. ‘गहिवर आणणारा चित्रपट’ म्हणा, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

आणखी एक शब्द : अशा सिनेमांना ‘हळवा चित्रपट’ही म्हणतात, त्याबद्दल थोडं. कोकणात भाताच्या जाती हळव्या आणि गरव्या. हळवं भात लवकर तयार होतं, गरव्याला जास्त दिवस लागतात. हळवा माणूसही तसाच, चटकन पाझरणारा. वर विहिरीचा प्रसंग सांगितलाय, तो पाहता मी ‘श्यामची आई’ला हळवाही म्हणणार नाही. तिथलं रडू गरवं आहे. ‘रडपट’ मात्र नव्या मालिकांसाठी खुशाल वापरा, तिथे तो चपखल बसतो.