कीपर, ओपनर आणि वर कॅप्टन पण, पोराला झेपंल का?

रंकाळा_कट्टा: मंडळी एक विचारायचं होतं. माझा भाचा इथं कोल्हापुरातच अंडर-१६ ला खेळतोय, कीपर आहे आणि ओपनिंगला पण तोच जातोय. आता सर म्हणत्यात कॅप्टन पण तूच हो. घरात सगळी खूश, पोरगं तर धोनी धोनी करत नाचतंय, पण मला काळजी लागून राहिलीय, अख्खी इनिंग उठाबशा काढायच्या, लगेच पॅड बांधून नवीन बॉल खेळायचा आणि फिल्डिंग पण ह्यानंच लावायची म्हणजे जरा जास्तच होतंय. मोठ्या कीपर-कॅप्टन लोकांनी कसं निभावलं सांगा की कुणीतरी.

नाद_क्रिकेटचा: भावा धोनीचंच नीट बघ की. विशाखापट्टणमचे १४८ आणि जयपूरचे नाबाद १८३, दोन्ही २००५ मधले आणि दोन्ही तीन नंबरला येऊन मारलेले. तेव्हा तो कॅप्टन नव्हता! २००७ ला कॅप्टन झाला आणि पाच-सहा नंबरला स्थिरावला. तरी वनडेत १०,७७३ रन, ॲव्हरेज पन्नासच्या वर, त्यातल्या २०० मॅच कॅप्टन म्हणून. वर यायची गरज पडली तेव्हा आला पण, २०११ च्या वर्ल्डकप फायनलला युवराजच्या आधी, कारण श्रीलंकेचा स्पिनर मुरलीधरन टाकत होता आणि आयपीएलला चेन्नईच्या टीममध्ये त्याच्यासोबत खेळून त्याचा हात ह्याला पाठ झालेला. आणि स्टंपमागं उभा राहणाऱ्याला मॅच सगळ्यात जवळनं दिसती. २०१६ ला बंगळूरला बांगलादेशविरुद्ध शेवटच्या बॉलच्या आधीच उजव्या हातातला ग्लोव्ह काढून ठेवलेला, बॅट्समन हुकला की थ्रो मारायला. हुकलाच. मग थ्रो पण नाही मारला, पळत येऊन स्टंप उडवले आणि एका रननं मॅच जिंकलो. कॅप्टन होऊदे त्याला, फक्त ओपनिंग सोडायला सांग.

सायली_पेठेतली: दादा, त्याच फायनलला समोरचा कॅप्टन पण कीपरच होता की, श्रीलंकेचा संगकारा. ४८ वर युवराजच्या बॉलिंगवर आउट झाला आणि कॅच घेतला धोनीनंच. संगकाराचं वेगळं आहे बघा, टेस्टमध्ये त्यानं ग्लोव्हजच प्रसन्ना जयवर्धनेकडं दिले. कीपर असताना ॲव्हरेज चाळीसच्या आसपास, नुसता बॅट्समन म्हणून सहासष्टच्या वर! एवढा फरक पडतोय म्हटल्यावर काय बोलायचं. वनडेत मात्र शेवटपर्यंत ग्लोव्हज घातले, २०१५ च्या वर्ल्डकपला लागोपाठ चार सेंच्युऱ्या मारल्या तेव्हा पण कीपिंग करतच होता. पण कॅप्टनशिप दोनच वर्षं, २००९ ते २०११, त्या फायनलनंतर सोडली. म्हणजे एक ओझं कुठंतरी उतरवावंच लागतं.

जुना_प्रेक्षक: ताई बरोबर बोललीस, पण अँडी फ्लॉवरला विसरू नका रे पोरांनो. झिम्बाब्वेची टीम ती केवढी, त्यात कीपर हा, मेन बॅट्समन हा, दोन वेळा कॅप्टन पण हाच. त्यांची पहिली टेस्ट जिंकली ती ह्याच्या कॅप्टनशिपमध्येच, १९९५, हरारे, पाकिस्तानविरुद्ध, ह्याचे १५६ आणि भाऊ ग्रँटचे नाबाद २०१. मला मात्र आपल्या नागपूरची २००० ची टेस्ट जास्त आठवते. आपण ६०९ केले, तेंडुलकरचे नाबाद २०१, तोवर हा माणूस स्टंपमागं वाकून उभा. मग फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच परत बॅटिंगला यावं लागलं, आणि ह्यानं नाबाद २३२ काढले, स्पिनरला रिव्हर्स स्वीप मारून मारून पार दमवलं आणि मॅच ड्रॉ करून गेला. त्या वेळी कॅप्टन हीथ स्ट्रीक होता हे पण ध्यानात घ्या. टेस्टमध्ये हा पण पाच नंबरलाच यायचा बरं का, ओपनिंगला नाही.

रंकाळा_कट्टा: लई भारी माहिती दिलीसा सगळ्यांनी. उद्याच सरांशी बोलतो, कॅप्टन करा पण पाच नंबरला खेळवा म्हणून. पोरगं जरा रुसंल, त्याला नवीन बॉलच आवडतोय.

नाद_क्रिकेटचा: रुसू दे की, धोनीचा बॅटिंग नंबर सांग, गप होतंय. आणि ग्लोव्हजच्या आतले इनर दोन जोड घेऊन दे, घामानं भिजले की बॉल सुटतो, इनिंगच्या मध्ये बदलायला लाव.