जावा सगळीकडे चालते, पण…

सी ही प्रोग्रामिंग भाषा पोर्टेबल नाही (म्हणजे एका सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर तसाच चालेल याची खात्री नाही) आणि जावा आहे, असं म्हटलं जातं. सीचं अर्धं मान्य: ६४ बिट लिनक्सवर 'लाँग' (पूर्णांक साठवायचा एक प्रकार) ८ बाइटचा, विंडोजवर ४ चा. जावात 'इंट' हा पूर्णांकाचा प्रकार कुठेही ३२ बिटचा, म्हणजे ४ बाइटचाच. पण तेवढ्याने भागत नाही. लिनक्सवर देवनागरी फाइल नीट लिहिणारा माझा जावा प्रोग्राम विंडोजवर नेला, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, सांगितलं नव्हतं (आळस माझाच), आणि मग जावा ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायची. देवनागरीही सामावणारं यूटीएफ-८ हे एन्कोडिंग जावात डिफॉल्ट झालं ते २०२२ साली, जावा १८ मध्ये. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही जावाची घोषणा मात्र नव्वदच्या दशकातली. फाइलच्या नावातली एबीसीडीची लहान-मोठी अक्षरं (लिनक्स ती सहसा वेगळी मानतं, विंडोज एकच) हा तर वेगळाच तमाशा.