मदत हवी आहे: पाटल्या आणि बोरमाळ मोडायची आहे, सराफ २० टक्के घट सांगतोय

घाईत_आहे
पाटल्यांची जोडी आणि एक बोरमाळ मोडीत द्यायची आहे. सराफ २० टक्के घट (कपात) धरतोय. बरोबर आहे का लुटतोय? एकूण किती यायला हवेत ते सांगा. शनिवारच्या आत पैसे हवेत, रोख.

कसोटी
वजन नाही, टंच (सोन्याची शुद्धता) नाही, शिक्का आहे का नाही ते नाही. किती येतील ते कसं सांगणार? आणि २० टक्के कशावर? वजनावर कापून वर भाव २४ कॅरेटचा देतोय का २२चा? सगळी मेख तिथे आहे.

तारण_बरं
मोडूच नका. अडचण तात्पुरती असेल तर तारण ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नियमांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

घाईत_आहे
तारणाचं विचारलेलं नाही. पाटल्या ४०.१२० ग्रॅम, बोरमाळ १८.६४०. हॉलमार्क नाही, पाटल्यांवर नुसता पेढीचा शिक्का. त्याच्या मशीनवर पाटल्यांचा टंच ८९.४ टक्के आला. १९५८ची पावती आहे, तिच्यावर साडेतीन तोळे लिहिलंय. म्हणजे ३५ ग्रॅम ना? मला तर त्याचा काटाच बिघडलेला वाटतोय.

गुंज_मासा
काटा ठीक आहे. १० ग्रॅमचा तोळा हा आजचा. १९५८चा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा. साडेतीन तोळ्यांचे ४०.८२४ ग्रॅम होतात. उरलेले ७०० मिलिग्रॅम झिजले. पाटल्या बांगड्यांना घासत राहतात, इतकी झीज काहीच नाही.

कसोटी
आता हिशोब जमतो. सोपं जावं म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू, तुम्ही त्या दिवशीचा घाला. बोर्डावरचा भाव जीएसटीसकट असेल तर आधी १.०३ने भागा, तो ३ टक्के तुम्हाला मिळत नाही.

४०.१२० × ०.८९४ = ३५.८६७ ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे ३,५८,६७० रुपये. आटणीचे (वितळवायचे) आणि शुद्ध करायचे म्हणून २ टक्के कापले तरी साडेतीन लाखांच्या वर.

आता त्याची पद्धत बघा. वजनातून २० टक्के गेले, राहिले ३२.०९६. त्यावर २२चा भाव, ९,१६०. आले २,९४,०००. २२च्या भावात तांब्या-चांदीचे पैसे आधीच वजा झालेले असतात, हा ते घटीत पुन्हा कापतोय.

पाणी_पद्धत
मशीनवर विसंबू नका. ते वरचे काही मायक्रॉनच वाचतं, मुलामा असला की फसतं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, पाटली दोऱ्याने पाण्यात लोंबती धरा, तळाला टेकू देऊ नका. कोरडं वजन भागिले काट्यावरचा आकडा. २२ कॅरेट १७.७च्या आसपास येतं.

कसोटी
घरचा काटा ०.१ ग्रॅमचा असतो. ४०.१२ला २.२ने भागलं तर १८.२, २.३ने भागलं तर १७.४. शेवटच्या एका आकड्याच्या फरकात निकाल बदलला. त्यापेक्षा बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात जा, चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी. तिथेही मशीनच असतं, म्हणून तीन-चार जागी लावायला सांगा, डागाच्या (सांधा जोडलेल्या) जागेवर टंच कमीच येणार. आणि बोरमाळेला पाणी लावूच नका, मण्यांत लाख असते.

घाईत_आहे
लाख? म्हणजे १८.६४० सगळं सोनं नाही?

पटवेकरी_गल्ली
नाही. बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्रा आणि आत लाख. मशीन पत्रा वाचतं, लाख त्याला दिसत नाही. दोरा, गोंडा वेगळा. लाख तिसरा हिस्सा निघाली तर २० टक्के घटीत सराफच बुडेल. त्यालाही ते ठाऊक असणार, म्हणून बोरमाळेची जोखीम पाटल्यांवरून वसूल करतोय. दोन्हींचा आकडा वेगळा मागा. घाई नसती तर म्हटलं असतं, नवा दोरा घालून गाठवून घ्या, बोरमाळ मोडायची वस्तू नाही.

गुंज_मासा
बोरमाळ केव्हाची?

घाईत_आहे
१९६५च्या सुमाराची. त्याचं काय?

गुंज_मासा
जानेवारी १९६३ला सुवर्ण नियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री. १४ कॅरेटच्या वर नवीन दागिना घडवायला बंदी. १९६६ला ती उठली. म्हणून बोरमाळेचा टंच ५८५ (हजारात, म्हणजे ५८.५ टक्के, १४ कॅरेट) निघाला तर सराफाशी भांडू नका.

कसोटी
कायदा १४चा म्हणून दागिना १४चाच, असं काही नाही. टंच काढल्यावर कळेल.

करसल्ला
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. वारशाचं सोनं असेल तर आधीच्या मालकाचा काळही धरतात. २४ महिन्यांच्या वर असल्याने नफ्यावर १२.५ टक्के. २००१च्या आधीचं सोनं, म्हणून खरेदी किंमत १ एप्रिल २००१च्या बाजारभावाने धरता येते. आणि रोख विसरा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

घाईत_आहे
बरं, खात्यात घेतो. वेगळे आकडे मागितले. पाटल्यांना ८९.४ टंचावर २४चा भाव, २ टक्के वजा, कबूल झाला. बोरमाळ आटवल्याशिवाय बोलणार नाही म्हणतो. आटवू का?

पटवेकरी_गल्ली
आटवा, पण समोर. दोरा कापून मणी मोजा, नुसत्या मण्यांचं वजन लिहून घ्या. लाख मंद आचेवर काढायला सांगा, एकदम जाळ दिला तर मणी फुटून बारीक सोनं उडतं. मूस (सोनं आटवायचं भांडं) आधी रिकामी पाहा. टाकणखार (बोरॅक्स) घालून ओतल्यावर लगड (ओतलेली सोन्याची कांडी) गार होऊ द्या, मग वजन, मग टंच लगडीच्या दोन्ही बाजूंनी. आकडा पटला नाही तर लगड घेऊन दुसऱ्या पेढीवर जाता येतं. मुशीच्या तळाला चिकटलेले कणही खरवडून काट्यावर घ्यायला सांगा, ते बहुतेक जण विसरतात.