'नत्र काढणे' की 'नत्र उडवणे'?

तापीकाठ:
कचरा डेपोच्या पाण्यावर प्रक्रिया कशी होते, याची पुस्तिका मराठीत करतोय. डेपो जळगाव जिल्ह्यातला, वाचणारे शेजारच्या गावचे. ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात अमोनिया भरपूर. आधी हवा खेळवून जिवाणूंकडून त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करून घेतात. नंतर हवा बंद. दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. या दुसऱ्या टप्प्याला मी 'नत्र काढणे' लिहिलं. मसुदा वाचून एक केळीवाले आबा म्हणाले, "आम्ही नत्र पैसे मोजून आणतो अन् तुम्ही फेकता? आमच्या बागेत सोडा ना!" दुसरा शब्द सुचवा.

शब्दखोर:
शाळेच्या पुस्तकात 'विनायट्रीकरण' आहे. मला 'विनत्रीकरण' जास्त शुद्ध वाटतो. नत्र आपला, नायट्रो परका.

भरीतभाकर:
ग्रामसभेत 'विनत्रीकरण' वाचा, अर्धी सभा चहाला उठते की नाही बघा! आबांना सरळ सांगा: त्या पाण्यात क्षार असतात, कधी जड धातूही. केळीला खारं पाणी सोसत नाही.

गिरणाथडी:
शब्द शेतात तयार आहे, भो. पावसाळ्यात काळीत पाणी साचलं, पीक पिवळं पडलं की आमच्याकडे म्हणतात, "नत्र उडालं." हवा कोंडली की मातीतले जिवाणू तेच काम करतात. 'नत्र उडवणे' लिहा.

तापीकाठ:
पण युरिया उघड्यावर फेकला तरी 'उडाला'च म्हणतात. तिथे अमोनिया उडतो, इथे नायट्रोजन. आम्हाला अमोनिया हवेत सोडायचा नाहीये, हेच तर पटवायचंय.

शब्दखोर:
म्हणूनच परिभाषा लागते.

भरीतभाकर:
परिभाषेचं कौतुक पुरे. 'नत्र' तरी कुठला आपला? नेट्रॉन या नैसर्गिक क्षाराचं नाव मिसरहून (इजिप्तहून) ग्रीकांकडे गेलं, त्यातून नायट्र, नायट्रोजन. आपला नत्रही त्याच घरातला असणार, माझी खात्री आहे. फ्रेंच लोक त्याला अझोट म्हणतात, म्हणजे ज्यात जीव जगत नाही तो!

शब्दखोर:
खात्री म्हणजे पुरावा नव्हे. नत्र-स्फुरद-पालाश म्हणताना शेतकऱ्याला मिसर आठवत नाही.

तापीकाठ:
पुढचा पेच सांगतो. जुन्या डेपोच्या पाण्यात सहज कुजणारा कार्बन उरत नाही आणि नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना तर तो खायला लागतो. मग मिथेनॉल विकत आणून घाला. अनॅमॉक्स ही हवेविना चालणारी दुसरी पद्धत, तिचे लालसर जिवाणू नायट्राइटच्या जोडीने अमोनियाचा थेट नायट्रोजन वायू करतात, कार्बन मागत नाहीत. फक्त वाढतात फार सावकाश. नेदरलँड्समध्ये 1990च्या दशकात ते हाती लागले. त्यांनाही 'नत्र उडवणारे'च म्हणू?

गिरणाथडी:
ते राहू द्या. त्या काळ्या पाण्यालाच नाव द्या ना आधी. आमच्या आजीचा 'झिरा' चालेल. अहिराणीत 'पानी झिरपस' म्हणतातच.

भरीतभाकर:
अजिबात नाही! झिरा म्हणजे गिरणेच्या वाळूत उकरलेला, निवळशंख पाण्याचा. उन्हाळ्यात आम्ही वाटीने हंडे भरलेत त्यातून. डेपोच्या घाणीला ते नाव?

शब्दखोर:
'निक्षालित' घ्या.

गिरणाथडी:
अन् ते कोन पेस, दादा?

भरीतभाकर:
झिराला हात लावू नका, बाकी काहीही ठेवा. आणि तो झिरा की झरा, यावर धुळ्याकडच्यांनी बोलावं, आमच्या अमळनेरकडे झिराच.